ठासणीची बंदूक, काळी दारू आणि शेतकरी : इंदापूर-बारामती परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासावर विपुल लेखन झालेले आहे. किल्ले, घोडदळ, आरमार, पानिपतावरील गारद्यांची पलटण, पेशव्यांचा तोफखाना या विषयांवरील ग्रंथ कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहज सापडतात. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेला मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. मात्र युद्धे संपली, राज्ये बुडाली, पलटणी बदलल्या, त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे जी बंदूक खेड्यातील घरांमध्ये खुंटीला टांगलेली राहिली, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ही बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक होय.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, अंथुर्णे परिसरातील एका वस्तीवर, माजघराच्या भिंतीला दोन खुंट्यांवर अशी एक बंदूक आडवी टांगलेली असे. खंडेनवमीला ती खाली उतरे, तिला तेल लागे, हळदकुंकू लागे आणि ती पुन्हा वर जाई. बालपणी ती पूर्वजांच्या पराक्रमाची खूण वाटत असे. इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर लक्षात आले की, ती पराक्रमाची खूण नसून परवान्यावर मिळालेली पीक-संरक्षणाची बंदूक होती. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढे उभा राहिला. जगात मागून भरण्याची, काडतुसाची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रूढ झाली असताना इंदापूर तालुक्यातील शेतकरी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नळीच्या तोंडातून दारू का ठासत राहिला? दारिद्र्य आणि मागासलेपण हे या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर आहे. ते अपुरे असून शेतकऱ्याच्या हातात ही बंदूक गोठवून ठेवण्याचे काम प्रामुख्याने कायद्याने केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परिसर

अंथुर्णे हे इंदापूर तालुक्यातील गाव बारामती-इंदापूर मार्गावर आहे. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा याच वाटेने पंढरीस जातो, त्यामुळे गावाचे नाव वारकऱ्यांना परिचित आहे. निरा आणि भीमा या दोन नद्यांमधील हा पट्टा मुळात पर्जन्यछायेचा. ज्वारी-बाजरीची जिरायती शेती, मधूनमधून गवताळ माळ, माळावर चिंकारा, लांडगे, ससे, तित्तर असे त्याचे जुने रूप होते. तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर आजही चिंकारा दिसतात आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठीच मयुरेश्वर अभयारण्य राखलेले आहे.

दुष्काळी कामांतून उभा राहिलेला निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या भूप्रदेशाचे रूप पालटू लागले. १९३४ पासून कळंब येथे वालचंदनगरची साखरनगरी उभी राहिली, पुढे भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना आला. माळाच्या जागी ऊस आला आणि उसाबरोबर रानडुकराला बारमाही आसरा मिळाला. ज्वारीचे उभे पीक राखण्यासाठी गोफण, माळा आणि आरोळी पुरेशी होती. उसात दडलेल्या डुकरापुढे गोफण चालत नाही. पीक-संरक्षणाच्या बंदुकीची गरज या भागात कालव्याने कमी न करता वाढवली, ही गोष्ट आपण सिंचनाचा इतिहास लिहिताना सहसा नोंदवत नाही.

दारू : घटक आणि जपणूक

वर्गात 'दारूचे कोठार' असा शब्दप्रयोग केला की विद्यार्थी हमखास हसतात. त्यांचा दोष नाही, कारण शब्दाचा एक अर्थ व्यवहारातून गेला आणि दुसरा उरला. येथे अभिप्रेत असलेली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. एकोणिसाव्या शतकात युरोपात स्थिरावलेले त्याचे प्रमाण शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असे होते. देशी दारूत हे प्रमाण कारागिरागणिक बदलत असे. सोऱ्याचा मोठा पुरवठा बिहारमधून होई आणि सतराव्या-अठराव्या शतकांत डच व इंग्रज कंपन्यांच्या व्यापारात सोरा हा एक प्रमुख जिन्नस होता. कोळसा मात्र स्थानिक असे. त्यासाठी जड लाकूड चालत नाही. हलके, सच्छिद्र लाकूड लागते, म्हणून रुईचे लाकूड आणि तुरीच्या तुराट्या यांचा कोळसा हिंदुस्थानात ठिकठिकाणी वापरला जात असे. इंदापूरच्या माळावर या दोन्हींची वाण कधीच नव्हती.

दारूचा खरा शत्रू ओल होय. या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा (१७१५) दाखला देणे उचित ठरेल. किल्ल्यांच्या प्रकरणात अमात्यांनी दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, आतील वस्तूंना सर्दी बाधू नये, ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे, अशी सविस्तर ताकीद दिलेली आहे. राजनीतीवरील ग्रंथात दारूला ऊन दाखवण्याविषयी इतके बारकाईने लिहिलेले पाहून प्रथम नवल वाटते. परंतु पावसाळ्यात सर्दावलेली दारू ऐन वेळी पेटली नाही तर किल्ला जातो, हे अमात्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले होते. उलट बाजूने, १६६५ मध्ये पुरंदरच्या वेढ्यात किल्ल्यावरील दारूचा साठा पेटून झालेला स्फोट हाही याच जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे. दारू जपणे म्हणजे तिला ओलीपासून आणि विस्तवापासून एकाच वेळी जपणे होय. आजोळच्या घरी चुलीच्या खोलीपासून दूर, धान्याच्या कणगीमागे फडक्यात गुंडाळून ठेवलेला पत्र्याचा डबा अधूनमधून अंगणात उन्हाला ठेवला जाई. अमात्यांचे नावही न ऐकलेल्या माणसांच्या घरात त्यांची ताकीद पाळली जात होती.

दारूचा वापर केवळ शस्त्रापुरता मर्यादित नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. १६६० च्या आरंभी शाइस्ताखानाची फौज अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) सुपे-बारामती या वाटेने पुण्याकडे गेली आणि त्याच वर्षी चाकणच्या किल्ल्याचा बुरूज सुरुंगाने उडवला गेला. हाच 'सुरुंग' पुढे दख्खनच्या काळ्या पाषाणात विहिरी खोदताना शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला. विहिरीचा सुरुंग, जत्रेतील शोभेचे दारूकाम, उत्सवातील उखळीचे बार आणि शिकारीची बंदूक या चारही ठिकाणी एकच पदार्थ वापरात होता. खेड्यातील माणसाला दारू ही परकी, लष्करी वस्तू वाटत नव्हती, याचे कारण बहुधा यात असावे.

बार भरण्याची रीत

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हा स्वतंत्रपणे हाताने घडवावा लागतो. नळी उभी धरून मापाने दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा, कागदाचा किंवा काथ्याचा डाट घालायचा, तो गजाने ठासायचा, त्यावर छर्रे सोडायचे आणि छर्रे घरंगळू नयेत म्हणून पुन्हा एक हलका डाट बसवायचा. जुन्या तोड्याच्या बंदुकीत यानंतर कानापाशी रंजक घालून जळता तोडा टेकवावा लागे. चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी तेच काम करी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केप आली. तांब्याची ही चिमुकली टोपी नळीच्या मागच्या टोकावरील पोकळ बोंडीवर बसवायची, घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. केपेमुळे पावसातही बंदूक बऱ्याच अंशी भरवशाची झाली. परंतु नळीच्या तोंडाकडून भरण्याची मूळ रीत कायम राहिली.

या रीतीतील प्रत्येक पायरीत अनुभवाचा भाग मोठा आहे. दारू कमी पडली तर छर्रे जवळच गळतात. जास्त झाली तर दस्ता खांद्याला मार देतो, क्वचित नळी फुटते. डाट सैल राहिला तर वायू त्याच्या कडेने निसटतो आणि बार फुसका जातो. छर्रे व दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर धोका सर्वांत मोठा, म्हणूनच ठासणे नीट झाले की नाही हे गजावरील खुणेने पाहिले जाई. शिवाय काळी दारू जळताना तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या व धुराच्या रूपाने मागे उरतो. चार-पाच बार झाले की नळी काजळीने दाटते आणि गज अडकू लागतो. ही काजळी हवेतील ओल शोषून लोखंड गंजवते, त्यामुळे नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते. बंदूक धुण्याचे काम आमच्या आजोळी आजीकडे होते आणि ते तिला मुळीच आवडत नसे. बंदुकीच्या इतिहासात स्त्रियांचा हा वाटा कोठेही लिहिलेला सापडत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

भाषेने मात्र हे सारे जपून ठेवले आहे. एखादी गोष्ट आपण 'ठासून' सांगतो, फसलेल्या घोषणेला 'फुसका बार' म्हणतो, भांडण पेटवणाऱ्याने 'बत्ती दिली' असे म्हणतो आणि लग्नाचा 'बार उडवून' देतो. ज्या पिढीने गज हातात धरलेला नाही तीही ठासणीच्या बंदुकीची भाषा बोलते आहे.

तोटा ते काडतूस

प्रत्येक वेळी मोजून दारू ओतण्याचा वेळ वाचावा म्हणून मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून तयार ठेवण्याची रीत फार जुनी आहे. मराठीत अशा पुडीला 'तोटा' हा शब्द होता. 'काडतूस' हा शब्द युरोपीय भाषांतून आपल्याकडे आला. १८५७ च्या संदर्भात ज्या काडतुसांची चर्चा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते ती कागदीच होती. शिपायाने दाताने कागद फाडून दारू नळीत ओतायची आणि मग गोळी ठासायची, असा तिचा वापर होता. चरबीच्या प्रश्नामुळे या कृतीला धार्मिक अर्थ प्राप्त झाला, परंतु तांत्रिकदृष्ट्या ते ठासणीच्याच बंदुकीचे काडतूस होते, हे विद्यार्थ्यांना सांगितल्याशिवाय 'दाताने का फाडायचे' हा प्रश्न सुटत नाही.

खरा बदल घडला तो मागून उघडणाऱ्या बंदुकीमुळे. १८५० ते १८७० या काळात युरोपात दारू, डाट, छर्रे आणि केप हे सर्व एकाच कवचात सामावणारे काडतूस सर्वमान्य झाले. कवच पितळेचे किंवा तळाला पितळ असलेल्या जाड कागदाचे असे. पितळी कवच पुन्हा पुन्हा वापरता येई. जळलेली केप ठोकून काढायची, नवी बसवायची, मापाने काळी दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याचा डाट, छर्रे आणि शेवटी पातळ चकती घालून कडा दुमडायची किंवा मेणाने बंद करायची. ब्रिटिश अधिकारी, संस्थानिक व हौशी शिकारी यांच्या सामानात यासाठी लागणारी लहान हत्यारे असत. नीट पाहिले तर ही क्रिया ठासणीचीच आहे. फरक एवढाच की ती रानात उभ्याने न करता आदल्या रात्री दिव्याजवळ निवांत बसून करता येत होती. परिणामी रानात गेल्यावर क्षणात दुसरा बार तयार असे.

काळ्या दारूची मापेही या नव्या काडतुसांनी सोडली नाहीत. 'बारा बोअर' म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसेल ती नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. धूरविरहित दारू आल्यानंतरही इंग्लंड-अमेरिकेतील काडतुसांच्या खोक्यांवर जोर सांगताना 'इतक्या ड्रॅम काळ्या दारूइतका' असा उल्लेख करण्याची प्रथा टिकून राहिली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने लष्करी रायफलीसाठी धूरविरहित दारू सिद्ध केली. ती काळ्या दारूच्या मापाने जुन्या नळीत भरली तर नळी फुटते आणि असे अपघात जगभर घडले.

पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला. स्वातंत्र्योत्तर काळात नागरी वापरासाठी 'शक्तिमान' या नावाने बारा बोअरची काडतुसेही तेथे तयार होऊ लागली. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीचा भाग आहे. म्हणजे अंथुर्ण्यातील शेतकरी विसाव्या शतकात तुराट्यांच्या कोळशाच्या दारूने बार भरत होता, तेव्हा त्याच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आधुनिक काडतुसांचे उत्पादन चालू होते. अंतराचा हा प्रश्न मैलांचा नव्हता.

हत्यारांचा कायदा

१८५७ च्या उठावानंतर सरकारने हत्यारांची नोंदणी व जप्ती करण्याचे कायदे तातडीने केले. मराठी मुलखाच्या सीमेवर, मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारे देण्यास नकार देऊन बंड केले आणि ते निर्दयपणे मोडून काढण्यात आले. त्यांचा लढा दिल्लीच्या बादशहासाठी नव्हता, हत्यारे आपल्याजवळ राहावीत एवढ्यासाठी होता.

पुढील टप्पा म्हणजे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा अकरावा कायदा. या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्याची एक तरतूद अभ्यासकांच्या नजरेतून सहसा सुटते. बंदुकीबरोबरच शिसे, गंधक आणि सोरा या जिनसांनाही 'लष्करी सामान' या व्याख्येखाली आणण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता. वर वर्णन केलेल्या रीतीत शेतकऱ्याला जे बाहेरून आणावे लागे, नेमके तेच हे तीन जिन्नस. कायदा करणाऱ्यांना काळ्या दारूची रीत चांगली ठाऊक होती, असे यावरून दिसते. पाठोपाठ १८८४ चा स्फोटक द्रव्यांचा कायदा आला आणि दारू तयार करणे, बाळगणे, नेणे हे सर्व परवान्याखाली गेले.

या परिसराला त्या काळाची स्वतंत्र पार्श्वभूमी आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली. भीमथडी, इंदापूर, पुरंदर व शिरूर हे तालुके त्यात होरपळले. दंगेखोरांनी बंदुका न चालवता सावकारांचे कागद जाळले. त्यानंतर १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना हाताशी धरून शिरूर तालुक्यातील धामारीपासून दरोड्यांचे सत्र आरंभले. २० जुलै १८७९ रोजी ते पकडले गेले. फडक्यांचे बंड नव्या कायद्यानंतरचे आहे, त्यामुळे कायदा त्यांच्यासाठी झाला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याची अंमलबजावणी पुणे जिल्ह्यात कोणत्या नजरेने झाली असेल, याची कल्पना करता येते. पिढ्यान्पिढ्या गावाची राखण करणारा रामोशी आणि वाघूर लावून शिकार करणारा फासेपारधी हे दोघेही सरकारी दृष्टीने संशयित ठरत गेले. फासेपारध्यांच्या पारंपरिक शिकारीत बंदूक नव्हतीच, फासे आणि जाळी होती. तरीही संशय त्यांच्यावरच राहिला, ही बाब विसरता येण्याजोगी नाही.

राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. वंशभेदावर आधारलेली सूट १९२० च्या नियमांनी संपुष्टात आली. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांनीही या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती ह. वि. कामथ यांनी मांडली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येक व्यक्तीला हवी ती शस्त्रे घेण्याचा हक्क दिल्यास राज्यकारभार चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. फाळणीच्या रक्तपातानंतर वर्ष-सव्वा वर्षाने घेतलेली ही भूमिका समजण्यासारखी आहे.

कलम १३ आणि शेतकऱ्याची बंदूक

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला. त्याच्या तेराव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांसाठी नागरिकाने अर्ज केल्यास, अन्य अपात्रता नसेल तर, परवाना द्यावा असे हे पोटकलम सांगते. पुढे जोडलेल्या परंतुकानुसार, पीक-संरक्षणास ठासणीची बंदूक अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच शेतकऱ्याला दुसरी बंदूक देता येईल.

या मजकुराचे बारकाईने वाचन केले असता दोन नागरिक समोर उभे राहतात. एक स्वसंरक्षण किंवा खेळ करणारा, त्याला काडतुसाच्या बंदुकीला प्रत्यवाय नाही. दुसरा पीक राखणारा, त्याच्यासाठी ठासणीची. पहिल्या बाराने चुकलेले रानडुकरांचे कळप दुसऱ्या बारासाठी थांबत नाहीत. संध्याकाळी खेळाला जाणाऱ्याला दोन बार झटपट हवेत आणि ज्याचे वर्षाचे पीक पणाला लागले आहे त्याला मिनिटभराने दुसरा बार पुरेल, असे यातून ध्वनित होते. या तरतुदीमागे शेतकऱ्याला स्वस्त बंदूक सहज मिळावी असा सद्हेतू होता, असा युक्तिवाद करता येईल आणि तो पूर्णतः चुकीचा नाही. परवाना मिळणे खरोखर सुलभ झाले. परंतु खेड्यात जी बंदूक मुबलक असावी ती संथ असावी, हा १८५७ पासूनचा विचार त्यात स्पष्टपणे उतरलेला आहे, असे मानावे लागते. कोडगूतील कोडव समाजाला ब्रिटिश काळापासून शस्त्रपरवान्यातून सूट मिळाली आणि ती आजही टिकून आहे. म्हणजे राज्यसंस्थेला विश्वास टाकता येत नव्हता असे नाही, तो कोणावर टाकायचा हे तिने ठरवलेले होते.

आजोळी या विषयावर बोलणे निघाले असता नात्यातील एका वयोवृद्ध आबांनी सांगितलेले वाक्य येथे नोंदवतो : "सर म्हणू का पाव्हणं म्हणू, पण सांगतो, एक बार झाला की ती बंदूक काठीच असती. फकस्त काठी हलकी असती." या वाक्यात कलम १३ चे संपूर्ण परीक्षण आलेले आहे.

१९७२ नंतर

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे बंदुकीचा आणि पिकाचा संबंध नव्याने ठरला. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने जवळजवळ संपले. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्यासाठी अधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागू लागली. चिंकारा व माळढोक यांच्या दृष्टीने हा कायदा अत्यावश्यक होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. माळढोक या माळरानांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे, हे सर्वज्ञात आहे. मात्र परिणाम असा झाला की, एका कायद्याने पीक राखण्यासाठी हाती दिलेली बंदूक दुसऱ्या कायद्याने प्राण्यावर रोखता येईना. छर्रे न भरता नुसत्या दारूचा बार काढून डुकरे हुसकावणे एवढेच तिचे काम उरले. पुढे तेही सुतळी बाँब, पत्र्याचे डबे आणि कार्बाइडच्या नळ्या यांनी हिरावून घेतले. परवान्याचे नूतनीकरण आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याचे हेलपाटे यांना कंटाळून अनेकांनी ती कायमची जमा केली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी १९६२ च्या नियमांची जागा घेतली तोवर ठासणीची बंदूक वापरणारी पिढी बरीचशी निघून गेली होती.

साधनांची स्थिती

या विषयाच्या अभ्यासासाठी सर्वांत मोलाचे साधन म्हणजे परवान्यांच्या जुन्या नोंदवह्या. कोणत्या गावात, कोणत्या समाजाच्या व्यक्तीला, कोणत्या कारणासाठी, कोणत्या प्रकारची बंदूक मिळाली आणि कोणाचा अर्ज फेटाळला गेला, हे त्यांतून गावनिहाय मांडता येईल. ठासणीची बंदूक कोणाला मिळाली आणि काडतुसाची कोणाला, हा तक्ता झाला तर वर मांडलेले मत सिद्ध किंवा असिद्ध ठरेल. प्रस्तुत लेखकाने अशा वह्यांसाठी एका कार्यालयात चौकशी केली असता त्या मुदतबाह्य कागदांबरोबर निकाली काढल्याचे सांगण्यात आले. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यात काही गैर वाटले नाही, कारण नियमाने ते योग्यच होते. अन्य कार्यालयांत, पोलीस ठाण्यांत आणि खासगी घरांत अद्याप काही शिल्लक असण्याची शक्यता आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्यापुरता हा शोध घेतल्यास तो एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचा राहणार नाही. जोडीला बार भरण्याची, दारू वाळवण्याची, नळी धुण्याची रीत सांगू शकणारी माणसे आहेत तोवर त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे निकडीचे आहे. जमा झालेल्या बंदुका काही काळाने नष्ट केल्या जातात, त्यामुळे वस्तू पाहून रीत ओळखण्याची सोयही पुढे राहणार नाही.

आजोळची बंदूक आजोबांच्या निधनानंतर जमा करण्यात आली. घरात उरले ते परवान्याचे कापडी बांधणीचे पुस्तक. त्यात हत्याराच्या रकान्यात 'एकनळी, ठासणीची', कारणाच्या रकान्यात 'पीक-संरक्षण' आणि क्षेत्राच्या रकान्यात तालुक्याचे नाव आहे. पुढील पानांवर नूतनीकरणाचे शिक्के ओळीने आहेत, त्यांपैकी काहींची शाई तेलाच्या बोटांनी पसरलेली आहे. दारूच्या मापासाठी वापरली जाणारी वेळूची लहान नळी मामींनी ठेवून घेतली आहे.